लग्नाचा पोशाख घेताना पैसा कुठे गळतो आणि तो आधीच कसा रोखायचा

लग्नाच्या पोशाखावर नको इतका पैसा गेला, अशी चुटपुट लागून राहिलेल्या बऱ्याच जणींनी मुळात महागडा पोशाख घेतलेलाच नसतो. पैसा जातो तो नंतर. उंची कमी करायला, कंबर सैल करायला, आतला पेटीकोट वेगळा घ्यावा लागला म्हणून, ऑर्डर घाईने हवी म्हणून, आणि परत न मिळणाऱ्या ॲडव्हान्सपायी. मी कपड्यांच्या अल्टरेशनचं काम करते. लग्नाचे पोशाख हातात आले की एक गोष्ट सारखी दिसते. सगळ्यात महाग पडलेलं काम जवळपास नेहमी क्रम चुकल्यामुळे निघालेलं असतं. पोशाख आधी घेतला आणि जागा नंतर ठरली. उंची आधी करून घेतली आणि चपला नंतर आणल्या.

म्हणून या खरेदीची काहीच माहिती नसलेल्यांसाठी तो क्रमच इथे लावून देते आहे. गाऊन असो, लेहंगा असो की शिवून घेतलेला साधा पोशाख, क्रम तोच राहतो. नवरदेवाच्या कपड्यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

पायरी १: आधी तारीख, जागा आणि किती तास घालायचा ते

या तीन गोष्टी पक्क्या झाल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नका. उघड्यावर, उन्हात, गवतावर लग्न असेल आणि तुम्ही दुहेरी अस्तराचा, जड कापडाचा पोशाख घेतला असेल, तर तासाभरात तो नकोसा होतो. मग जेवणाच्या वेळी बदलायला दुसरा हलका पोशाख घ्यायचं ठरतं. माझ्या मते हा दुसरा पोशाखच या सगळ्या खरेदीतला सर्वांत मोठा टाळता येण्यासारखा खर्च आहे. पहिलाच पोशाख दिवसभर अंगावर राहील असा निवडला, तर तो उद्भवतच नाही.

मागे लोळणारा घोळ आवडत असेल तर जमीन कशी आहे ते बघा. वाळू आणि ओलं गवत घोळाची किनार पहिल्या तासातच खराब करतात. शिवाय विधी झाल्यावर घोळ उचलून मागे अडकवायचा तर आतून लूप, बटणं किंवा नाड्या लावून घ्याव्या लागतात. ते वेगळं काम आहे, त्याची शिलाई वेगळी पडते, आणि पोशाखाच्या किमतीत ते सहसा धरलेलं नसतं.

वेळेचं गणित असं. ऑर्डर देऊन बनवून घ्यायच्या पोशाखाला साधारण चार ते आठ महिने लागतात. आल्यावर अल्टरेशनला दोन महिने हाताशी ठेवावेत. म्हणजे नऊ-दहा महिने आधी बघायला सुरुवात केली की कुठेच घाई होत नाही. एवढा वेळ नसेल तर तातडीची ऑर्डर देऊ नका. तातडीचे जादा पैसे भरण्यापेक्षा तयार, टांगलेला पोशाख घ्या आणि तो नीट बसवून घ्या. तातडीत मिळतं फक्त तेच, जे नेहमीच्या मुदतीत कमी पैशांत मिळालं असतं.

फार आधी घेणंही बरं नव्हे. दीड-दोन वर्षं आधी घेतलेल्या पोशाखाची परत करायची मुदत कधीच संपलेली असते. तोवर अंगही बदलतं आणि आवडही.

पायरी २: रक्कम ठरवा, पण पोशाखाची नव्हे, सगळ्याची

एक कागद घ्या आणि अंगावर जे जे चढणार आहे ते वरपासून खालपर्यंत लिहून काढा. डोक्यावरची ओढणी किंवा जाळीचा बुरखा, पोशाख, आतले कपडे, पेटीकोट किंवा कॅनकॅन (घेर फुगवणारा जाळीचा परकर), चपला. त्याखाली अंगावर न दिसणारे खर्च लिहा. अल्टरेशन, इस्त्री किंवा वाफ, ने-आण, कर, परदेशातून मागवत असाल तर सीमाशुल्क आणि कुरिअरचं हाताळणी शुल्क, लग्नानंतरची ड्रायक्लीनिंग.

आता तुम्हाला परवडणारी एकूण रक्कम घ्या आणि त्यातला पाचवा हिस्सा बाजूला काढा. तयार किंवा ऑर्डरचा पोशाख घेत असाल तर हा हिस्सा बहुधा पूर्ण लागतो. उरली ती पोशाखाची रक्कम. दुकानात हाच उरलेला आकडा सांगायचा, एकूण रक्कम कधीच नाही. दुकानदार सांगितलेल्या आकड्याच्या वरच्या टोकापासून माल दाखवायला सुरुवात करतो. त्यात गैर काही नाही, तो त्याचा धंदा आहे. पण तुमचा पाचवा हिस्सा त्याला ठाऊक असायचं कारण नाही.

घरातलं कुणी पोशाखासाठी पैसे देणार असेल तर रक्कम किती आणि ती कधी हातात येणार, हे आधी स्पष्ट विचारून घ्या. हे विचारायला अवघड वाटतं. पण गृहीत धरलेले पैसे आलेच नाहीत तर ॲडव्हान्स अडकतो, आणि तो नातेसंबंधासकट अडकतो.

पायरी ३: माप आजचं घ्या

छाती, कंबर, नितंब, खांद्यापासून जमिनीपर्यंतची उंची. लग्नात जे आतले कपडे घालणार आहात तेच घालून, दुसऱ्या कुणाकडून माप घ्या. स्वतः टेप धरली की हात वर-खाली होतात आणि माप चुकतं.

रोजच्या कपड्यांवरचा आकाराचा आकडा इथे विसरून जा. लग्नाच्या गाऊनचे आकडे रोजच्या कपड्यांपेक्षा एक-दोन घरं पुढे असतात, आणि प्रत्येक कंपनीचा तक्ता निराळा असतो. तक्त्यात तुमच्या सगळ्यात मोठ्या मापाला बसणारा आकार घ्या. छाती एका आकारात आणि नितंब पुढच्या आकारात बसत असतील तर पुढचा घ्यायचा. कपडा आत घेणं सोपं असतं. बाहेर सोडायचा तर शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, असावी लागते, आणि तयार पोशाखांत ती थोडीच असते.

लग्नापर्यंत बारीक होईन या हिशेबाने लहान आकार मागवू नका. बारीक झालात तर मोठा पोशाख आत घेता येईल. नाही झालात तर लहान पोशाखात बाजूला पट्टी जोडावी लागते. त्याच रंगाचं, त्याच थानातलं कापड शोधावं लागतं, आणि भरतकाम असेल तर तेही जुळवावं लागतं. वजन बदलण्याची शक्यता खरोखरच असेल, गरोदरपण असेल किंवा औषधपाणी चालू असेल, तर पाठीला चेनऐवजी नाड्यांचा पोशाख निवडा. नाड्या ओढून किंवा सैल सोडून दोन-तीन इंचांचा फरक शिंप्याकडे न जाता सांभाळता येतो.

जास्त उंचीसाठी किंवा मोठ्या आकारासाठी काही ठिकाणी जादा दर लावतात. तो किती हे पोशाख अंगावर घालून बघण्याआधी विचारा. आवडल्यावर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर काहीही आलं तरी माणूस हो म्हणतो.

पायरी ४: कुठल्या वाटेने घ्यायचा

ऑर्डर देऊन नवा बनवून घेणं ही सगळ्यांना ठाऊक असलेली वाट. तीच सर्वांत वेळखाऊ आणि बहुधा सर्वांत महाग. बाकीच्या वाटा अशा.

दुकानात टांगलेला नमुन्याचा पोशाख. नवे प्रकार आले की जुने नमुने दुकानं कमी किमतीत काढून टाकतात. घेताना उजेडात न्या आणि एका क्रमाने तपासा. गळ्याला आतून मेकअपचे डाग, काखेत पिवळेपणा, चेनच्या तळाशी ताणलेली शिवण, किनारीला चपलेच्या टाचेने पडलेली भोकं, गळून पडलेले मणी. चेन तीन-चार वेळा वर-खाली करून बघा. जे जे सापडेल त्याची धुलाई आणि दुरुस्ती किती पडेल ते मनात धरून मग किंमत बोला. नमुना मोठा असेल तर दोन आकारांपर्यंत आत घेता येतो. त्याहून जास्त घेतला की खांदा, गळा आणि मुंढा (बाही जिथे जोडतात तो भाग) सगळंच सरकतं, आणि पोशाख जवळपास नव्याने शिवल्यासारखा खर्च येतो.

वापरलेला पोशाख. बहुतेक लग्नाचे पोशाख एकदाच, काही तासांसाठी अंगावर गेलेले असतात, त्यामुळे वापरलेला म्हणून कमी दर्जाचा असं मुळीच नाही. फक्त आधी अल्टरेशन झालं आहे का ते विचारा. एकदा कापून आत घेतलेला पोशाख पुन्हा बाहेर सोडता येत नाही.

उसना पोशाख. यात कमीपणा वाटायचं काही कारण नाही. जुलै २०२० मध्ये ब्रिटनच्या राजघराण्यातली बिअट्रिस हिने लग्नात आपल्या आजीचा, राणी एलिझाबेथ यांचा, डिझायनर नॉर्मन हार्टनेल यांनी तयार केलेला जुना पोशाख घातला. त्याला ऑर्गेन्झाच्या, म्हणजे पातळ पण ताठ कापडाच्या, बाह्या जोडून घेतल्या होत्या. उसन्या पोशाखात असंच काम करायला हवं. मूळ कापड न कापता, नंतर उसवून काढता येईल असं.

भाड्याने. पोशाख फार जड आणि भरजरी हवा असेल, पुन्हा कधीच घालणार नसाल आणि घरात ठेवायला जागा नसेल, तर भाडं शहाणपणाचं. पण अनामत रक्कम किती, डाग पडला तर किती कापणार, धुलाई कुणाची, परत करायची तारीख कुठली आणि एक दिवस उशीर झाला तर काय, हे सगळं लिहून घ्या. भाड्याच्या पोशाखाला फार तर कच्चे टाके घालून देतात. तुमचं माप नेहमीच्या आकारांत बसत नसेल तर भाड्याच्या मागे लागू नका.

आणखी एक वाट लोक विसरतात. लग्नाचा म्हणून नसलेला, समारंभाचा साधा पोशाख. त्याच कंपनीचा, त्याच कापडाचा, पण करवलीसाठी किंवा पार्टीसाठी म्हणून विकला जाणारा पोशाख बऱ्याचदा बराच स्वस्त असतो. पांढरा किंवा मोतिया रंग त्यातही मिळतो. दुकानात शिरताना थेट लग्नाच्या विभागात जाण्याआधी तिथे एक फेरी मारा.

शिवून घेणार असाल तर

शिवून घेताना पैसा कापडात आणि दुसऱ्यांदा करायच्या कामात जातो. कापडाच्या दोन दरांची तुलना करण्याआधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. ४४ इंच पन्ह्याचं कापड आणि ५८ इंच पन्ह्याचं कापड यांचा मीटरचा दर सारखा असेल, तर दुसरं बरंच स्वस्त पडतं, कारण मोठ्या घेराला मीटर कमी लागतात. मखमलीसारख्या लव असलेल्या कापडाचे सगळे तुकडे एकाच दिशेने कापावे लागतात, म्हणून कापड जास्त लागतं. एका दिशेची नक्षी असेल तरी तेच.

सगळं कापड एकाच थानातून (कापडाच्या एकाच गुंडाळीतून) घ्या आणि अर्धा मीटर जास्त घ्या. वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या थानांच्या रंगात किंचित फरक असतो. दुकानातल्या दिव्याखाली तो दिसत नाही, फोटोत मात्र उठून दिसतो. जास्तीचं अर्धा मीटर पुढे पट्टी जोडायला किंवा दुरुस्तीला उपयोगी पडतं.

महागड्या कापडाला कात्री लावण्याआधी शिंप्याला मांजरपाटात (स्वस्त, साध्या सुती कापडात) कच्चा पोशाख शिवून अंगावर बसवायला सांगा. त्याचे थोडे जादा पैसे तो घेईल. ते आनंदाने द्या. गळा किती खोल, कंबर कुठे, मुंढ्यात ओढ बसते का, हे सगळं मांजरपाटावर खडूने ठरतं आणि तिथेच मिटतं.

पायरी ५: कापड आणि काम ओळखायला शिका

साटीन म्हणजे रेशीम, हा फार पसरलेला समज. साटीन हा विणीचा प्रकार आहे. ती वीण रेशमाचीही असते आणि पॉलिएस्टरचीही, आणि दोन्ही सारख्याच चमकतात. म्हणून साटीन हा शब्द ऐकून रेशमाचे पैसे मोजू नका. धागा कशाचा, हे विचारा आणि पावतीवर लिहून घ्या.

शंका असेल तर आतल्या शिवणीतून सुटलेला एखादा धागा विचारून घ्या आणि चिमट्यात धरून, खाली धातूची ताटली ठेवून जाळून बघा. रेशमी धागा हळू जळतो, ज्योत बाजूला केली की विझू लागतो, केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडली की भुगा होते. पॉलिएस्टर आधी आक्रसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर टोकाला कडक मणी उरतो. धाग्यात भेसळ असेल तर दोन्ही लक्षणं मिसळतात.

पॉलिएस्टर वाईट असं मी मुळीच म्हणणार नाही. त्याला सुरकुत्या कमी पडतात, प्रवासात ते टिकतं, पाण्याचे डाग सहज धरत नाही. दिवसभर गर्दीत वावरायचं असेल तर चांगलं जाड पॉलिएस्टर साटीन रेशमापेक्षा निर्धास्त असतं. त्याचे पैसे रेशमाच्या भावाने देऊ नयेत, एवढंच.

भरतकामाची उलटी बाजू बघा. अस्तर उचलून बघितलं की यंत्राचं काम एकसारखं, एकाच लयीत दिसतं. हाताच्या कामात गाठी, धाग्यांच्या उड्या, टाक्यांत थोडा फरक असतो. मणी आणि टिकल्या शिवलेल्या आहेत की चिकटवलेल्या, हेही तिथेच कळतं. चिकटवलेल्या टिकल्या ड्रायक्लीनिंगच्या द्रावणात सुटतात, आणि काही प्लॅस्टिकचे मणी त्यात मऊ पडतात किंवा विरघळतात. म्हणून आत शिवलेल्या काळजीच्या पट्टीवरचं, म्हणजे धुण्याच्या सूचनांच्या लेबलवरचं, चिन्ह वाचा. वर्तुळात ‘पी’ किंवा ‘एफ’ असेल तर ड्रायक्लीनिंग चालतं, आणि कुठलं द्रावण वापरायचं ते धुणाऱ्याला त्या अक्षरावरून कळतं. वर्तुळावर फुली असेल तर ड्रायक्लीनिंग करायचं नाही. ज्या पोशाखाला अशी पट्टीच नाही, तो धुवायचा कसा हे विक्रेत्याकडून लिहून घ्या.

पायरी ६: दुकानात

बरोबर दोन माणसं पुरेत. एक जण जो तुमची आवड जाणतो, आणि एक जण जो पैशांची आठवण करून द्यायला कचरत नाही. सहा जणांची सहा मतं झाली की शेवटी सगळ्यांना बरा वाटेल असा, म्हणजे बहुधा सगळ्यात भरगच्च, पोशाख निवडला जातो.

रकमेच्या वरचा पोशाख ‘नुसता बघायला’ अंगावर चढवू नका. नंतर तुमच्या रकमेतला प्रत्येक पोशाख त्याच्याशी ताडला जातो आणि फिका वाटतो. विकणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं.

पोशाख घालून बसून बघा, हात वर करा, पायऱ्या चढा, कुणालातरी मिठी मारा. आरशासमोर ताठ उभं राहून सगळेच पोशाख चांगले दिसतात. बसल्यावर पोटात रुतणारी पट्टी आणि हात वर केल्यावर सरकणारा गळा हे पुढे अल्टरेशनच्या बिलावर येतात.

‘आजच घेतला तर सवलत’ असं कुणी म्हणालं तर सवलत किती आहे ते लिहून मागा आणि घरी जा. खरी सवलत दोन दिवस टिकते. पोशाखाबरोबर ओढणी, मुकुट, पट्टा, पेटीकोट एकाच ठिकाणी घ्या असा आग्रह होईल. आवडलं असेल तर त्याचा फोटो काढा, भाव लिहून घ्या आणि बाहेर दोन ठिकाणी विचारा. या जोडवस्तूंत सौद्याला जागा जास्त असते. पोशाखाचा भाव उतरत नसेल तर त्याच भावात अल्टरेशन किंवा पेटीकोट घालून मागा. बरेच दुकानदार किंमत उतरवण्यापेक्षा हे सहज मान्य करतात.

पायरी ७: पावती

पावतीवर फक्त ‘लग्नाचा पोशाख’ एवढंच लिहिलेलं असेल तर पैसे देऊ नका. मॉडेलचं नाव किंवा क्रमांक, रंगाचं कंपनीने दिलेलं नाव, आकार, सांगून घेतलेले बदल, हातात मिळायची तारीख, किमतीत काय काय धरलं आहे, किती ट्रायल फुकट, ऑर्डर रद्द केली तर किती पैसे परत आणि कधीपर्यंत, उरलेली रक्कम कधी द्यायची. हे सगळं कागदावर यायला हवं. मोतिया, हस्तिदंती, शुभ्र हे तिन्ही रंग तोंडी बोलताना ‘पांढरा’ असतात आणि पेटी उघडल्यावर तीन वेगळे रंग निघतात.

हातात मिळायची तारीख लग्नाच्या किमान दोन महिने आधीची घ्या. ॲडव्हान्स जितका कमी देता येईल तितका कमी द्या, आणि पूर्ण रक्कम पोशाख अंगावर घालून बघितल्याशिवाय देऊ नका. लग्नाची तारीख पुढे गेली तर दुकान पोशाख सांभाळून ठेवेल का, त्याचे पैसे घेईल का, हेही आत्ताच विचारा.

पायरी ८: अल्टरेशन

पैसे इथेच जास्त गळतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिल्या ट्रायलला लग्नातल्याच चपला आणि लग्नातलेच आतले कपडे घेऊन जा. टाचेची उंची एका इंचाने बदलली की पोशाखाची किनार एका इंचाने चुकते. आणि किनार म्हणजे एकच थर नसतो. वरची जाळी, त्याखाली दुसरी जाळी, मग साटीन, मग अस्तर, कधी आत ताठपणासाठी घातलेली पट्टी. यातली जाळी नुसती कापली तरी चालते, तिचे धागे सुटत नाहीत. साटीन मात्र दुमडून तुरपाई करावी लागते, आणि गोल घेराच्या कापडाला दुमड घालताना ती जागोजागी चुणते, म्हणून हाताने बसवत जावं लागतं. सगळ्यात अवघड म्हणजे किनारीला लेस किंवा भरतकाम असलेला पोशाख. ती लेस टाका टाका उसवून काढायची, खालचं कापड कापायचं, लेस नव्या रेषेवर पसरायची, घेर बदलल्यामुळे उरलेला तुकडा नक्षीत लपवायचा आणि पुन्हा हाताने शिवायची. साध्या किनारीची उंची कमी करणं आणि अशा किनारीची उंची कमी करणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांचे पैसेही तसेच वेगळे. तुमची उंची कमी असेल तर पोशाख निवडतानाच साध्या किनारीचा निवडा. नक्षीची किनार हवीच असेल तर कंबरेतून उंची घेता येते का ते विचारा. घागरा वेगळा असेल तर हे सहज होतं. एकसंध गाऊनमध्ये चेन आडवी येते.

आवाक्यातली कामं: बाजूच्या शिवणी आत घेणं, खांद्याचे पट्टे आखूड करणं, हुक लावणं, छातीला कप बसवणं. महाग कामं: खांदा उतरवणं, मुंढा बदलणं, गळ्याचा आकार बदलणं, नव्या बाह्या जोडणं, मण्यांच्या भागातून शिवण काढणं. या दुसऱ्या गटातलं एखादं काम लागेल असा पोशाख, तो कितीही स्वस्त मिळत असला, तरी कामाचे पैसे मिळवून मगच त्याची तुलना करा.

घ्यायच्या आधीच शिवण तपासायची सवय लावा. काखेखालची बाजूची शिवण आतून उलटा आणि शिवणीपासून कापडाच्या कडेपर्यंत किती माया आहे ते मोजा. प्रत्येक बाजूला एक इंच असेल तर एकूण दीड इंचापर्यंत सैल करायला वाव मिळतो. पाव इंच असेल तर वाव नाही असं समजा. सैल करताना जुन्या टाक्यांची भोकं साटीनवर दिसून राहतात, हेही लक्षात ठेवा.

दुकानाचाच शिंपी घ्यायची सक्ती नसेल तर बाहेर भाव काढा. पण नुसता भाव बघू नका, त्याने आधी केलेला लग्नाचा पोशाख बघायला मागा. पहिली ट्रायल सहा ते आठ आठवडे आधी, शेवटची एक ते दोन आठवडे आधी. प्रत्येक ट्रायलला काय करायचं ठरलं ते लिहून सही घ्या. वाटेत ‘गळ्याला थोडी लेस लावू या का’ असं कुणी सुचवलं तर आधी त्याचे पैसे विचारा.

ऑनलाइन मागवत असाल तर

नामांकित पोशाखाचा फोटो आणि पाचपट कमी किंमत दिसली, तर तो फोटो बहुधा दुसऱ्याचा आहे. फोटो उचलून चित्रशोधात टाका, मूळ कुठला ते दिसेल. विक्रेत्याकडे प्रत्यक्ष पोशाखाचा, शेजारी आजच्या तारखेची चिठ्ठी ठेवून काढलेला फोटो मागा. खरा विक्रेता तो देतो.

मापाप्रमाणे शिवून पाठवलेला पोशाख बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत. ठरावीक आकारातला परत घेतात, पण परतीचं कुरिअर तुमच्या खिशातून जातं. पैसे शक्यतो कार्डाने द्या. फसवणूक झाली तर बँकेकडे तक्रार करून रक्कम परत मागायची सोय त्यात असते, थेट खात्यात पाठवलेल्या पैशांना तसा आधार फारसा नसतो. पेटी आली की त्याच दिवशी उघडा, उघडताना व्हिडिओ काढा आणि टॅग न कापता घालून बघा. परतीचे दिवस पेटी हातात आल्यापासून मोजले जातात. पेटी कपाटात ठेवून विसरलेल्यांचे पैसे इथे हकनाक बुडतात.

पायरी ९: लग्न झाल्यावर

पोशाख महिनाभर टांगून ठेवू नका. दिसणाऱ्या डागांपेक्षा न दिसणारे जास्त नुकसान करतात. रंगहीन गोड पेयांचे शिंतोडे वाळल्यावर दिसत नाहीत, पण त्यातली साखर काही महिन्यांत तपकिरी होते आणि मग डाग निघणं कठीण जातं. धुवायला देताना कुठे काय सांडलं ते सांगा, आठवत नसेल तर तसंही सांगा.

धुतल्यानंतर ठेवायला महागडी खास पेटी घ्यायची गरज नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र कधीच ठेवू नका, आत दमट हवा अडकते. स्वच्छ सुती चादर, घड्यांमध्ये आम्लविरहित कागद आणि कोरडी, अंधारी जागा एवढं पुरतं. वर्षातून एकदा घडी बदला. जड पोशाख हँगरला लटकवला की खांदे ओढले जातात, म्हणून तो आडवा ठेवा.

पुन्हा वापरायचा विचार असेल तर सुटे करता येणारे भाग सांभाळा. राणी व्हिक्टोरिया यांनी १८४० साली लग्नात वापरलेली होनिटन लेस (इंग्लंडमधली हाताने विणलेली लेस) पुढे कितीतरी प्रसंगी पुन्हा अंगावर घेतली, आणि त्यांची धाकटी मुलगी बिअट्रिस हिने १८८५ साली आपल्या लग्नात आईचाच लेसचा बुरखा घेतला. आजही ओढणी, पट्टा, सुट्या बाह्या यांना पोशाखापेक्षा जास्त आयुष्य असतं. शिवून घेताना हे भाग सुटे ठेवायला सांगितलं तर खर्च फारसा वाढत नाही.

विकायचा असेल तर लवकर विका, कारण प्रकार जुना होत गेला की भाव उतरतो. मूळ पावती, काळजीची पट्टी, ड्रायक्लीनिंगची पावती, उरलेलं कापड आणि पुडीतले जास्तीचे मणी एकत्र ठेवा. जाहिरातीत आकाराचा आकडा न देता छाती, कंबर, नितंब आणि उंचीची मोजलेली मापं लिहा, आणि कुठलं अल्टरेशन झालं आहे तेही स्पष्ट सांगा.